माझ्याच माणसांचा वन्स मोअर

चहा घ्या, पण मोठा घोट घेऊ नका. पुढं जे सांगणार आहे ते ऐकून ठसका लागला, तर आमची बायको हौसा मलाच बोलेल. तसंही हल्ली ती मलाच बोलते.

दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात माणूस स्वतः पडतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण तो खड्डा खणायला गावाकडून टेम्पो भरून माणसं आणली, त्यांना भजी खाऊ घातली, आणि मग सगळ्या सभागृहाच्या देखत त्यात पडला, असा माणूस काही तुम्ही पाहिला नसेल. तर बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं. जिथं आमची ज्वारी डोलायची तिथं आता कंपन्यांची गोदामं आहेत. पोराची नोकरी तिथलीच, पण घर त्यानं घेतलं पिंपळे गुरवला, सोसायटीत. मग आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पण लिफ्टनं वर-खाली करायला शिकलो. शाळेत मी कधी गेलो नाही. गेलो तो बैलांच्या मागं. त्यामुळं माझं बोलणं बैलाच्या चालीनं चालतं. ऐकणाऱ्याला दम पाहिजे.

आता आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांनी काढला एक नाटकाचा ग्रुप. सकाळी बागेत हा-हा करून हसायचे, ते एवढ्यावर भागेना. एक शाळेतून रिटायर झालेल्या मॅडम होत्या, त्यांनी एक जुनं गाणी-बिणी असलेलं विनोदी नाटक शोधून काढलं. त्यात एक शेटजी, त्यांची देखणी मुलगी, आणि तिच्यावर जीव जडलेला एक तरुण. शेटजी पोरीला घराबाहेर सोडत नाहीत, म्हणून तो तरुण वेषांतरं करून वाड्यात शिरतो. एवढीच गोष्ट. पण लोक पोट धरून हसतात म्हणे.

तरुणाचं काम कुणाला मिळालं असेल? सावंतांना.

हे सावंत म्हणजे कोकणातले. एका कंपनीत सुपरवायझर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पण केस बघाल तर माझ्या नातवाचे काळे नसतील एवढे काळे. अंगाला अत्तर. लिफ्टमधून सावंत उतरले तरी पुढच्या दोन फेऱ्या लिफ्ट त्यांचीच असायची. आणि गळा. तो मात्र देवानं दिलेला. मी हे खरं सांगतो, कारण त्याच गळ्यानं माझी झोप घालवली.

गणपतीत बायकांचा कार्यक्रम झाला तेव्हा हौसा जात्यावरच्या ओव्या म्हणाली. सावंत पुढं आले, हात जोडले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आमच्या नाटकाची नायिका सापडली.

आमची हौसा. नातवंडांची आजी. तिला मी त्या रात्री विचारलं, की तू शेटजीची तरणी पोर होणार का? तर ती म्हणाली, "मग काय झालं? शेटजी व्हणाऱ्याला तरी कुठं दात हायेत?"

मी सकाळीच मॅडमना गाठलं.

मी म्हटलं, मग मलाही घ्या नाटकात. म्हणजे निदान नजरेसमोर राहील. मॅडम भल्या बाई, त्यांनी मला वाड्याचा पहारेकरी केलं. एकच वाक्य. आत यायचं, मुजरा करायचा, आणि म्हणायचं, "शेटजी, दारात कुणी एक परदेशी आला आहे."

पहिल्या तालमीला मी आलो. मुजरा केला. तोंड उघडलं. मी "शेटजी, दारात" पर्यंत पोचलो तेवढ्यात परदेशी आत येऊन, शेटजींशी बोलून, पाणी पिऊन निघालासुद्धा. परदेशी म्हणजे सावंतच. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्यानू, तुम्ही आरामात या हो, घाई नाही."

सगळे हसले. हौसापण हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचं काम मॅडमनी काढूनच टाकलं. दारावर आता कुणीच नव्हतं. वाडा उघडा. मी रुसलो, आणि परत तालमीकडं फिरकलो नाही. आता कळतंय, तिथंच माझी बैलगाडी चिखलात गेली. माणसानं रुसावं, पण माहिती ठेवून रुसावं.

घरात मग सुरू झालं सावंतपुराण. चहात साखर कमी. का? तर सावंत भाऊ म्हणतात गोडानं गळा बसतो. दही बंद. का? सावंत भाऊ म्हणतात. श्वास पोटातून घ्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, इतकी वर्षं तू काय गुडघ्यातून घेत होतीस? त्यावर दोन दिवस माझ्या ताटात लोणचं आलं नाही.

ती त्यांना भाऊ म्हणायची, हे खरंय. पण आमच्या पट्ट्यात भाऊ कुणालाही म्हणतात. रिक्षावाल्यालाही म्हणतात. मला काही त्याचा आधार वाटेना.

एक गोष्ट मात्र मला आवडली. नातीनं हौसाच्या कानात ती मोबाइलची गोळी घालून दिली होती. एका कानात गोळी, डोक्यावर पदर, आणि भाकरी थापता थापता हौसा गाणं म्हणायची. "हिरव्या रंगाची हौस मला..." एवढं म्हणायची आणि थांबायची. भाकरी तव्यावर टाकायची. गालात हसायची. मग पुन्हा, "जपून जरा, जपून जरा..." की परत थांबायची. मला वाटलं, दम खायला थांबत असेल, वय झालंय. आणि ते "जपून जरा" मी तव्यासाठी समजत होतो. कानातली गोळी म्हणजे पेटीचे सूर असतील. आपल्याला काय कळतंय.

मी तिला विचारलं, हे गाणं तुझं का? तर म्हणाली, व्हय, माझंच.

बस्स. माझ्या डोक्यात उजेड पडला.

सावंतांची गाणी ढीगभर. लोक त्यांनाच टाळ्या देणार, आणि ते अजून फुगणार. आमच्या हौसाचं हे एकच गाणं. पण ह्या एका गाण्याला असा वन्स मोअर पडला, की सगळं नाट्यगृह हललं? आणि सावंतांच्या गाण्यांना कुणी हात पण नाही आपटला? मग कळेल त्यांना, पहारेकऱ्याची बायको काय चीज आहे.

मी धाकट्या भावाला फोन लावला. दत्तूला.

दत्तूची ओळख करून द्यायला पाहिजे. तो आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, उभा राहून पुकारतो. माईक बंद पडला तर माईकवाल्याला कळत नाही, असा त्याचा आवाज. आणि त्याच्याबरोबर उभी राहणारी आमची भावकी, तीही त्याच दमाची. घाटात गाड्याची बारी, म्हणजे एक धाव, सुटली की ही माणसं अशी ओरडतात, की बैलांना वाटतं थांबलो तर खातील.

दत्तू म्हणाला, "दादा, वन्स मोर म्हंजी काय?"

मी समजावलं, की गाणं आवडलं की असं ओरडायचं, मग ते गाणं परत म्हणतात.

"म्हंजी बारी परत पळवायची."

"व्हय."

"कवर पळवायची?"

आता इथं मी काय बोलावं? पण त्या दिवशी हेव्यानं माझी जीभ कधी नव्हे ती चपळ झाली होती. मी म्हटलं, "माझं मन भरस्तवर."

आणि सावंतांच्या गाण्याला हाताची घडी सोडायची नाही, हेही बजावलं. गाणं ओळखायची खूण सांगितली, हिरव्या रंगाची हौस. दत्तू म्हणाला, काळजी करू नकोस, वयनीसाठी नाट्यगृहाचं छप्पर उडवतो.

रविवारी चारचा खेळ. माणसं दोनलाच आली. टेम्पोतून उतरली ती पांढऱ्या टोप्या, गळ्यात उपरणी, आणि घाटावर न्यायची सवय म्हणून काहींच्या खिशात भंडाऱ्याच्या पुड्या. पुढच्या रांगा आमच्याच झाल्या. मी मागं कडेला बसलो. सगळं पीक एका नजरेत दिसावं म्हणून.

पडदा वर गेला. सावंत आले, पहिलं गाणं म्हणाले. मागच्या सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढं माझी भावकी बघाल तर तलाठ्याच्या दारात बसल्यासारखी गप्प. सावंत गाताना पुढच्या रांगेकडं बघायचे आणि त्यांचा सूर जरा कापायचा. दुसरं गाणं. तेच. तिसऱ्याला सावंतांच्या कपाळाला घाम आला आणि त्या घामाबरोबर कानामागून केसांचा काळा रंग पण थोडा उतरायला लागला. खरं सांगू, मला इतका आनंद बैलगाडा जिंकल्यावरही झाला नव्हता.

मग दुसरा अंक.

पडदा उघडला आणि मध्ये पाटावर हौसा बसलेली. हिरवी नऊवारी, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा. हात मात्र मोकळे. मी बघतच राहिलो. लग्नात मी तिला नीट बघितलंच नव्हतं, मुंडावळ्या आड येत होत्या. नंतर संसार आड आला. आता कुठं दिसली. आणि ती दिसली ती सगळ्या पिंपळे गुरवाला एकदमच.

तिनं सुरू केलं, "हिरव्या रंगाची हौस मला..."

आणि थांबली.

दत्तूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, की हेच ते.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कुण्या सोनारानं घडवलं गं मनगट असलं गोरं..." आणि डोक्यावर टोपली, डोक्याला मुंडासं, असा बांगड्या विकणारा कासार होऊन कोण आत आलं? सावंत.

आता माझ्या ध्यानात आलं. भाकरी तव्यावर टाकताना ती जिथं जिथं थांबायची, तिथं तिथं हा माणूस होता. गालात हसायची ती ह्यालाच. आणि कानातली ती गोळी! पेटीचे सूर कसले, सावंतांनी आपली कडवी म्हणून भरून दिली होती त्यात. म्हणजे महिनाभर सावंत माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं, माझ्या बायकोच्या कानात राहत होते आणि मी बाहेर बसून पेपरातली चित्रं बघत होतो.

सावंत तिच्यापुढं बसले. टोपली उघडली. आणि तिचा हात हातात घेतला.

आता कासारानं हात धरायचाच असतो. आमच्या गावातला कासार आख्ख्या गावाच्या बायकांचे हात दाबायचा, अंगठा मुडपून बांगडी सरकवायचा, आणि कुणा नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. पण तो कासार खाली बघायचा. तोंडात पान असायचं. तो गात नव्हता हो!

हौसा म्हणाली, "जपून जरा, जपून जरा." ते तव्यासाठी नव्हतं.

गाणं संपलं. उजवा हात भरला. आणि मी हात वर करून काही सांगायच्या आत दत्तूनं घाटावरचा आवाज सोडला.

"वन्स मोर!"

पाठोपाठ सगळ्या रांगा. मॅडमनी आतून डोकं काढून बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. पेटीवाल्यानं परत सूर धरला. सावंतांचा चेहरा असा उजळला, जणू विझत्या दिव्यात कुणी तेल ओतलं. उजव्या हातात जागा नव्हती, म्हणून त्यांनी डावा घेतला.

परत गाणं. परत मनगट. परत जपून जरा. आणि परत, "वन्स मोर!"

मी मनात म्हटलं, आता थांबवायला पाहिजे. पण बघा, दत्तूला सुरू कधी करायचं ते सांगितलं होतं, थांबायची खूण ठरवलीच नव्हती. मी "बास" म्हणायला तोंड उघडलं, आणि माझं "बास" तुम्हाला माहीतच आहे, ते "ब" वरून "स" वर येईपर्यंत सावंतांनी आणखी दोन बांगड्या चढवल्या. मग मी उभा राहिलो. गळ्यातलं उपरणं काढलं आणि डोक्यावर गरागरा फिरवलं, की थांबा रे, थांबा.

तुम्ही घाटावर गेलाय का कधी? आपला गाडा पुढं निघाला की मालक काय करतो? उपरणं फिरवतो.

दत्तूनं मला बघितलं आणि सगळ्या भावकीला ओरडून सांगितलं, "दादाचं मन भरलं न्हाई अजून!"

मग काय विचारता. सगळी माणसं खुर्च्यांवरून उठली. जेवढी उपरणी तेवढी हवेत. टोप्या उडाल्या. भंडाऱ्याच्या पुड्या फुटल्या आणि पिवळा ढग स्टेजवर गेला. सावंत पिवळे, हौसा पिवळी, टोपली पिवळी. अगदी नवरा-नवरीची हळद लागावी तशी. मी उपरणं जेवढ्या जोरात फिरवावं, तेवढा वन्स मोअर जोरात. मागचे सोसायटीवालेही सामील झाले. सावंत गातायत, बांगड्या चढवतायत, हौसाचे हात कोपरापर्यंत हिरवे होत चाललेत, आणि मी रडकुंडीला येऊन उपरणं फिरवतोय.

टोपलीतल्या बांगड्या संपल्या तेव्हाच ते गाणं थांबलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. अजून कुठं.

नाटक झाल्यावर सावंत पुढं आले, तोंडावर भंडारा, आणि हात जोडून बोलायला लागले. म्हणाले, आयुष्यभर नाटकं केली, पण अशी दाद मिळाली नाही. आणि ही दाद देणारी माणसं कोणी आणली, तर आमच्या तात्यांनी. बायको परक्या माणसाबरोबर स्टेजवर गाते म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करतात, पण ह्या माणसानं उभं राहून उपरणं फिरवलं. एवढ्या मोठ्या मनाचा नवरा बघितला नाही.

मला ओढून स्टेजवर नेलं. शाल घातली, नारळ दिला. सावंतांनी मला मिठी मारली आणि ते अत्तर माझ्या अंगाला लागलं ते दोन आंघोळींनी गेलं नाही. मला म्हणाले दोन शब्द बोला. मी विचार केला, खरं ते सांगून टाकावं. तोंड उघडलं. तेवढ्यात टाळ्या झाल्या आणि मला खाली बसवलं.

भावकी चहाला घरी आली. बाहेरच्या खोलीत दत्तू आणि सगळी मंडळी कप घेऊन बसली. आत हौसा मोरीजवळ पाट घेऊन बसली होती. कोपरापर्यंत बांगड्या, आणि उतरता उतरत नव्हत्या. मी साबण घेऊन पुढं बसलो. म्हटलं, मी काढतो.

तिचा हात हातात घेतला. कामाशिवाय असा हात मी कधी धरला होता, आठवेना.

ती खाली बघून म्हणाली, "मला लई भ्या वाटत व्हतं. तुमी फुगून बसला व्हता, तालमीला येत न्हवता. म्हटलं, नाटकाला तरी येत्यात का न्हाई. मग तुमी उपरणं फिरवलं, तवा माझ्या जिवात जीव आला. त्याच्या पुढचं गाणं मी तुमच्यासाठीच म्हटलं."

आता सांगा, ह्यावर खरं बोलायची कुणाची छाती होईल? हेव्यानं केलं, मायेत जमा झालं. असू द्या म्हटलं.

पण हात. माझा हात नांगराचा. मी साबण लावला, अंगठा दाबला, ओढली, आणि बांगडी माझ्या बोटात वाढली. हौसा कळवळली. मग हात काढून घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या सावंत भाऊ काढतील. त्यांचा हात हलका हाय. आन ते गात गात सरकवत्यात, कळतबी न्हाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, गातच काढायच्या असतील तर मीही गातो. त्यात काय. महिनाभर मी ते गाणं ऐकलंय, अर्धं घरात आणि उरलेलं आज परत परत. मी तिचा हात परत धरला, श्वास पोटातून घेतला, सावंत भाऊ म्हणतात तसा, आणि माझ्या चालीनं सुरू केलं. "कुण्या... सोनारानं..."

बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. कपबशीचाही आवाज येईना. मी पुढं गेलो. "घडवलं गं..."

हौसानं पदर तोंडाला लावला.

आणि बाहेरून दत्तूचा आवाज आला. घाटावरचा नव्हे, अगदी हळू, काकुळतीला आलेला.

"दादा, बास. मन भरलं."